नाकात बर्फ जाता कामा नये

एका गावात एक भोळा भाचा होता. त्याचं गाव एकीकडे, मामाचं गाव दुसरीकडे, आणि अक्कल तिसरीकडेच कुठेतरी, जिथे अजून एसटी जात नाही.

नाव बुधाजी. बुधवारी जन्मला म्हणून बुधाजी. बुद्धीशी त्या नावाचा काही संबंध नव्हता.

तसा मुलगा गुणी. सांगितलेलं सगळं ऐकायचा. तीच तर पंचाईत होती. एकदा अंगणात ज्वारी वाळत घातली होती आणि चिमण्या टिपत होत्या. आई आतून म्हणाली, "बुधाजी, पाखरं उडव रे." बुधाजीने खुराड्यातल्या कोंबड्या काढल्या, माळवदावर नेल्या आणि एकेक करून उडवल्या. संध्याकाळी म्हणाला, "आई, सगळ्या उडवल्या. पण त्यांना नीट येत नाही."

आईने त्याच दिवशी भावाला फोन लावला.

भाऊ म्हणजे केरूमामा. साताऱ्याकडचा गडी. फौजेत ड्रायव्हर होता, आणि पेन्शन घेतल्यावर तिकडेच हिमालयात, बर्फाच्या डोंगरावरच्या एका गावात राहिला. तिथे त्याची खानावळ होती आणि एक बर्फस्कूटर होती. इंदिरामामी खानावळीत पिठलं-भाकरी करायची. मामा पर्यटकांना बर्फस्कूटरवर मागे बसवून फिरवून आणायचा.

"केरू, ह्याला तुझ्याकडे ठेवून घे," आई म्हणाली. "थंडीत वस्तू टिकते म्हणतात. ह्याचं डोकंही टिकेल."

"टिकायला आधी असावं लागतं, अक्का," मामा म्हणाला.

मामीला मात्र ते बोलणं लागलं. तिला मूलबाळ नव्हतं, आणि भाच्यावर तिचा फार जीव. "अहो, असं बोलू नये," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी सोळा सोमवार धरते. शंकराने मनावर घेतलं तर काय अशक्य आहे?"

"अगं, शंकर स्वतःच भोळा. त्याला ह्याचं सगळं बरोबरच वाटेल."

"वाटू दे. मी धरणार."

"धर. पण माझंही ऐक. तुझं उद्यापन होईपर्यंत पोरगा इथे राहील. तोवर अक्कल आली तर कायमचा ठेवू. नाही आली, तर उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी परत."

मामीने देवापुढे पाणी सोडलं. शंकराला स्पष्ट सांगितलं, "देवा, फार नको. घरगुती वापरापुरती दे."

बुधाजी आला. गावाला आनंद झाला. सगळ्यांत जास्त आनंद शेजारच्या ताशीला झाला. ताशी पिठल्याच्या नादाने मराठी शिकलेला. त्याच्याकडे एक खेचर होतं. त्याला 'चल' म्हटलं की ते बसायचं, आणि 'थांब' म्हटलं की उताराने पळत सुटायचं. बुधाजी येईपर्यंत गावात सगळ्यांत बिनडोक म्हणून त्या खेचराचंच नाव होतं.

मामाने बुधाजीला बर्फस्कूटर चालवायला शिकवलं. ते त्याला चटकन जमलं. चालवायला डोकं लागत नाही हे मामाचं जुनं मत होतं, ते पक्कं झालं.

मग मामाने हँडलखालचं भोक दाखवलं. भोकाच्या थोडं आत तळहाताएवढी, बारीक छिद्रांची जाळी होती.

"हे बघ. हे हिचं नाक. इथून ही हवा आत घेते, तेव्हा इंजिन चालतं. बर्फ भुसभुशीत असतो, पिठासारखा उडतो. तो नाकात गेला की हिचा जीव घाबरा होतो. तेव्हा एकच गोष्ट लक्षात ठेव. नाकात बर्फ जाता कामा नये."

"कळलं," बुधाजी म्हणाला.

बुधाजी 'कळलं' म्हणाला की मामी देवापुढे दिवा लावायची.

दुसऱ्या दिवशी नागपूरचे एक काका फिरायला आले. मामा त्यांना घेऊन निघणार, तोच बर्फ भुरभुरू लागला. बुधाजी लगबगीने घरात गेला. मामाची लोकरीची माकडटोपी आणली, तिचा बोळा केला आणि गाडीच्या नाकात अंगठ्याने दाबून दाबून बसवला. बर्फाचा एक कण आत गेला नाही. हवेचाही गेला नाही. गाडीने एक आचका दिला आणि मान टाकली. काकांची फेरी सुरू व्हायच्या आत संपली.

"अरे, तिचा श्वास कोंडला ना!" मामा ओरडला. "नाक मोकळं ठेवायचं असतं!"

"पण बर्फ आत..."

"नाकात काही दिसलं ना, की विचार करत बसायचं नाही. धरायचं आणि ओढून बाहेर काढायचं. कळलं?"

"कळलं."

मामीने दिवा लावला.

सोमवार आला. मामी इरकली नेसली, नाकात ठेवणीतली नथ घातली आणि डोळे मिटून पूजेला बसली. ओठांवर 'ॐ नमः शिवाय' चाललं होतं. बुधाजी तीर्थ घ्यायला आला. त्याला मामीच्या नाकात काहीतरी दिसलं. ते लोंबत होतं. चमकत होतं. बुधाजी विचार करत बसला नाही. त्याने धरलं आणि ओढलं.

"अगं आई गं!"

"निघालं, मामी! आता घ्या श्वास."

नथ दाबाची होती म्हणून नाक राहिलं. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने आवाज चढवला नाही. सोमवार होता.

"बुधाजी, बाळा, ही नथ आहे. सौभाग्याचं लेणं. असं कुणाच्या नाकाला हात घालून ओढतात का? हळदकुंकू वाहावं. नमस्कार करावा."

"नाकाला?"

मामी आरशात बघून नथ बसवत होती. "हो रे बाबा, नाकाला."

"कुठल्याही नाकाला?"

"हो म्हटलं ना!"

"कळलं."

मामीने दिवा लावला, आणि वात जरा मोठी केली.

पुढे एका सकाळी पुण्याचं नवं जोडपं आलं. मामाने त्यांना गाडीवर बसवलं, इंजिन सुरू केलं आणि बुधाजीला म्हणाला, "नाकाशी बर्फ साठलाय का बघ जरा."

बुधाजीने पाहिलं. साठला होता. ओढायची गोष्ट आता जुनी झाली होती, त्यावर बोलणी बसली होती. तो देवघरातून करंडा घेऊन आला. गाडीच्या नाकाला चिमूटभर हळद वाहिली. चिमूटभर कुंकू वाहिलं. मग मनात आलं, एवढी मोठी गाडी आणि एवढीशी चिमूट? त्याने करंडा उपडा केला आणि हात जोडले.

गाडीने सगळं एका दमात आत घेतलं. क्षणभर विचार केला. मग आधी पिवळं शिंकली, नंतर लाल शिंकली. धूर विरला तेव्हा जोडपं केसांपासून बुटांपर्यंत हळदकुंकवाने माखलं होतं. पुन्हा एकदा लग्न लागल्यासारखं दिसत होतं. नवरी खूश झाली. नवरा तक्रार करायला मामाचं नाव विचारू लागला.

मामा बुधाजीच्या मागे धावला. बर्फावर धावायचं नसतं. हे मामानेच बुधाजीला शिकवलं होतं, आणि बुधाजी ते पाळत होता. तो जागचा हलला नाही. मामा त्याच्यापाशी थांबूच शकला नाही. त्याला ओलांडून घसरत गेला आणि ताशीच्या खेचरापाशी जाऊन पडला. कंबर लचकली.

मामाला खाटेवर घातलं. खाटेवरूनही तो शिकवतच राहिला.

"गाढवा, नाकात पूड घालतात? जाळी कशासाठी आहे मग? ती काढायची. घराबाहेर न्यायची. उलटी धरायची आणि पायरीवर हलकेच आपटायची. आत आपटायची नाही. आत आपटलीस तर अडकलेलं सगळं पुन्हा आत जाईल. मग चुलीपाशी ठेवून वाळवायची. ओलं दिसलं की हेच करायचं. म्हण!"

"ओलं दिसलं की बाहेर न्यायचं, उलटं धरायचं, आपटायचं, चुलीपाशी वाळवायचं. कळलं."

"अगं, दिवा लाव," मामाच म्हणाला.

होता होता सोमवार संपत आले आणि उद्यापनाचा दिवस उजाडला. मामीचा कडक उपवास. चुरम्यासाठी गूळ, तूप, कणीक काढून ठेवलेली. उद्यापनाला गुरुजी हवेत, आणि मराठी गुरुजी त्या मुलखात एकच. चिंतामणगुरुजी. ते खालच्या छावणीच्या देवळात असत. मंत्र खणखणीत, भूक त्याहून खणखणीत, आणि तपकिरीची डबी सदा हातात.

पहाटे मामीने देवांना अभिषेक केला आणि फुलं आणायला आत वळली. बुधाजीने ताम्हनात पाहिलं. बाळकृष्ण ओला होता.

मामी फुलं घेऊन आली तेव्हा बाळकृष्ण जागेवर नव्हता. बाहेरून टक टक आवाज येत होता. तिने दारातून पाहिलं. बुधाजीने रांगत्या देवाला पायाला धरून उलटा केला होता आणि पायरीवर हलकेच आपटत होता.

"अरे, अरे, अरे! देव आहे तो!"

"हो ना. म्हणून तर हलकेच आपटतोय. आता चुलीपाशी ठेवला की झालं."

मामीने देव हिसकावून छातीशी धरला. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. उपवासाच्या दिवशी दोन्ही नको म्हणून तिने दोन्ही आवरलं. "बुधाजी, नीट ऐक. देवाला आपटत नाहीत. त्याला वस्त्र घालायचं. पुढ्यात पाण्याचं मंडल करून नैवेद्य ठेवायचा. हात जोडायचे आणि पाठ न दाखवता मागे मागे सरत यायचं. देव असो नाहीतर देवासारखा माणूस असो, हीच रीत."

"कळलं."

दिवा आधीच पेटलेला होता. मामीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

आता गुरुजींना आणायचं कुणी? रात्रभर बर्फ पडून वाट बुजली होती. मामाला उठता येत नव्हतं. ताशीने खेचराला 'चल' म्हटलं, ते बसलं. राहिला बुधाजी.

मामीने मामाकडे पाहिलं. मामाने वाशांकडे पाहिलं.

"ये इकडे," शेवटी मामा म्हणाला. "खाली जा. गुरुजींना मागे बसव. सावकाश ये. गाडी बर्फात रुतली तर जड असेल ते आधी उतरव. गाडी हलकी झाली की आपोआप निघते. आणि काही झालं तरी नाकात बर्फ जाता कामा नये."

"कुणाच्या?"

"कुणाच्याही!" मामा ओरडला, आणि कंबर धरून कण्हला.

मामीने बुधाजीला शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. "तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं," ती म्हणाली. "गुरुजी आले नाहीत तर उद्यापन नाही. उद्यापन नाही तर फळ नाही. आणि फळ नाही मिळालं तर उद्या तुझी परतीची गाडी. आज एवढं एकच काम नीट कर, राजा."

"करतो, मामी," बुधाजी म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं. मनापासून करणं हीच त्याची खोड होती.

जाताना सगळं नीट झालं. गुरुजी देवळापाशी तयारच होते. ते मागे बसले, तशी गाडी मागून खाली आणि पुढून वर झाली. गुरुजींनी तपकिरीची चिमूट काढली आणि नाकात ओढली. बुधाजीचा चेहराच पडला.

"गुरुजी, नाकात पूड घालू नये. मामा मारतात."

"तुझा मामा मला मारील?"

"मला मारायला धावले आणि पडले. तुम्हाला तर सहज पकडतील."

गुरुजींनी गाडी पुढे घ्यायला सांगितलं.

गाव जवळ आलं. वरच्या वळणावर मामाच्या घरातला धूर दिसू लागला आणि तिथेच, देवदारांच्या खाली, गाडी बर्फात रुतली. बुधाजीने मामाचं बोलणं आठवलं. जड असेल ते आधी उतरव. त्याने गाडीवर काय काय आहे ते पाहिलं. शोधावं लागलं नाही.

"गुरुजी, उतरा."

गुरुजी उतरले. गाडी आपोआप निघाली. मामाचं म्हणणं खरं होतं.

"शाबास," गुरुजी म्हणाले. "आता चढतो."

"चढायचं मामा काही बोलले नाहीत."

"अरे, पण मला तिथे..."

एवढ्यात देवदाराच्या फांदीवरचा बर्फ धप्पकन गुरुजींच्या डोक्यावर पडला. गुरुजी सटकन शिंकले. बुधाजीला मामाचं ओरडणं आठवलं. नाकात बर्फ! कुणाच्याही!

त्याने गाडीच्या नाकातली जाळी काढली. गुरुजींच्या नाकावर ठेवली आणि त्यांच्याच मफलरने तोंडासकट गच्च आवळून बांधली. हवा आत जाते ना, तेही हात लावून पाहिलं. शिकलेलं तो विसरत नसे. मग देवासारख्या माणसाची रीत आठवली. त्याने गाडीवरची ताडपत्री काढून गुरुजींना वस्त्र घातलं. पुढ्यात बर्फावर बोटाने चौकोन काढला. त्यावर शेंगदाण्याचे लाडू ठेवले. हात जोडले. गुरुजी मफलरीतून "उं! उंऽऽ!" म्हणत होते. मंत्र चाललाय असं समजून बुधाजीने मान लववली, पाठ न दाखवता मागे मागे सरला, गाडीवर बसला आणि निघाला.

गाडी उघड्या नाकाने बर्फ ओढत, खोकत, शिंकत कशीबशी दारापर्यंत आली आणि मेली.

मामी औक्षणाचं तबक घेऊन दारात उभी होती. तिने गाडीच्या मागे पाहिलं. मग आणखी मागे पाहिलं.

"गुरुजी कुठायत?"

"वळणावर, मामी. बर्फात ठेवलेत."

मामीच्या हातातलं तबक कलंडलं.

"काळजी नको," बुधाजी म्हणाला. "नाकात बर्फ जाणार नाही. जाळी लावून आलोय."

आतून खाट करकरली. कंबर लचकलेला माणूस इतक्या उंच उडू शकतो हे गावाला तेव्हा कळलं.

ताशी खेचर घेऊन धावला. या खेपेला त्याने 'थांब, थांब' म्हणत खेचराला उताराने नेलं, आणि येताना चौघांनी मागून ढकललं. गुरुजी आले. वरपासून खालपर्यंत पांढरे. भुवया पांढऱ्या, शेंडी पांढरी. मामीने मफलर सोडली. नाक तेवढं कोरडं ठणठणीत होतं. लाडू संपलेले होते. मफलरीच्या आतून कसे, ते कुणी विचारलं नाही.

"गुरुजी, क्षमा करा हो," मामी पाया पडली. "लेकरू भोळं आहे."

"भोळं?" गुरुजींचे दात वाजत होते. ते परत फिरणारच होते. पण तेवढ्यात चुलीवरून तुपाचा वास आला. गुरुजींनी खोल श्वास घेतला. नाक स्वच्छ असल्यामुळे वास पूर्ण आत गेला. "बरं," ते म्हणाले. "चौरंग मांडा."

उद्यापन झालं. अगदी यथासांग झालं. बुधाजी मामीच्या शेजारी बसला. अक्षता पडल्या, आरती झाली. चुरम्याचा एक भाग देवाला गेला, एक गुरुजींना, एक घरच्यांना. मामीने डोळे पुसले आणि विचारलं, "गुरुजी, येईल ना हो अक्कल?"

"बाईसाहेब, एवढ्या निष्ठेने मागितलंत, शंकराला द्यावीच लागेल," गुरुजी पानावर बसता बसता म्हणाले. "बाळ, ही घे तुझी जाळी. आता डोळे मिटून शांत बस. कृपा येईल."

"कुठून?"

"कानांवाटे. हळूहळू. भुरभुर भुरभुर."

बुधाजीने डोळे मिटले. सगळे चुरमा खायचे थांबले. शेगडीतला निखारा तडतडला. देवापुढचा दिवा हलला नाही. पण मामी शपथेवर सांगते, त्या क्षणी खोलीत काहीतरी आलं. विभूतीचा वास आला. बेलाचं एक पान आपोआप पिंडीवरून घसरलं. शंकराने मनावर घेतलं होतं.

मामीने हळूच भाच्याकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

बुधाजीने एका कानात खाटेवरची मामाची माकडटोपी कोंबली होती, आणि दुसऱ्या कानावर जाळी धरली होती.

"हे रे काय, बुधाजी?"

"भुरभुर येणार म्हणाले ना," तो डोळे न उघडता म्हणाला. "भुरभुरणारं काही आत जाता कामा नये."

"अहो!" मामी ओरडली. "जाळीत अडकली! अक्कल जाळीत अडकली हो!"

"हलवू नका त्याला!" मामा खाटेवरून ओरडला. "अगं, जाळी तशीच कानावर राहू दे. वरून हलकी टिचकी मार. आत पडेल!"

मामीने पदर खोचला. शंकराचं नाव घेतलं. बोट वाकवलं. गुरुजींचा घास हातात राहिला. ताशी दारातून आत सरकला. मामीचं बोट जाळीपाशी आलं.

"थांबा, मामी," बुधाजी म्हणाला. "असं नाही. मामांनी शिकवलंय मला."

तो उठला. जाळी दोन्ही हातांनी अलगद धरून घराबाहेर गेला. उलटी केली. पायरीवर हलकेच आपटली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. उजेडाला धरून पाहिलं. एक कण राहिला नव्हता. मग आत आला, चुलीपाशी वाळवली, गाडीचं नाक पुसून त्यात बसवली आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने सांगितलेलं काम, सांगितलं तसं, योग्य ठिकाणी केलं होतं. मामाला रागवायलाही जागा ठेवली नव्हती.

"बघा," मामी गहिवरून म्हणाली, "चुकला का कुठे? आली की नाही अक्कल थोडी?"

मामाने वाशांकडे पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे त्याला. गाडीचं नाक तरी साफ राहील."

बुधाजी राहिला. मामीने पुढचे सोळा सोमवार धरले.

चैत्रात बर्फ वितळला. दारात, पायरीच्या बाजूला, जिथे जाळी झटकली होती तिथे हातभर हिरवंगार गवत आलं. ते ताशीच्या खेचराने खाल्लं. हल्ली त्या खेचराला 'चल' म्हटलं की ते आधी मान वळवून सांगणाऱ्याकडे नीट बघतं. बुधाजी दिसला तर उभंच राहतं. दुसरं कुणी असेल तरच चालतं.